वर्षाचं वाचन मोजायचं तर पानांनी मोजा

डिसेंबर संपत आला की माझ्या ओळखीतल्या वाचणाऱ्या लोकांत एकच विषय सुरू होतो, पुढच्या वर्षी किती पुस्तकं. कोण म्हणतं 24, कोण 30, आणि एकतरी जण 52 म्हणतोच, आठवड्याला एक. मला हे बोलणं ऐकायला खूप आवडतं, वाचायचा संकल्प करणारी माणसं आजूबाजूला असणं ही केवढी चांगली गोष्ट आहे, पण ह्या आकड्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय आणि ते आज नीट लिहून काढते. वर्षाचं लक्ष्य जरूर ठेवा, कागदावर लिहून ठेवा, फक्त ते पुस्तकांच्या संख्येत ठेवू नका. पानांत ठेवा, तेही रोजच्या पानांत.

पुस्तक हे माप म्हणून कामाचं नाही. 90 पानांचं ललित लेखांचं पुस्तक एक, आणि 800 पानांची ऐतिहासिक कादंबरी पण एकच. मराठीत दोन-दोन तीन-तीन खंडांची चरित्रं आहेत, कोश आहेत, शंभर वर्षांपूर्वीची जाडजूड प्रवासवर्णनं आहेत, त्यांचं काय करणार? 52 चा आकडा डोक्यात ठेवून बसलेला माणूस ऑगस्टपर्यंत ठीक चालतो, मग चवथ (गणेशचतुर्थी) येते, दसरा येतो, दिवाळी येते, घरात पाहुणे, साफसफाई, फराळ, आणि नोव्हेंबर उजाडतो तेव्हा अजून पंधरा पुस्तकं बाकी असतात, मग कपाटातल्या जाड पुस्तकाकडे हातच जात नाही, शंभर पानांच्या आतलं काय आहे ते शोधलं जातं. मी हे कितीतरी जणांचं होताना पाहिलंय. ज्याला वर्षाच्या सुरुवातीला एखादा मोठा ग्रंथ मनापासून वाचायचा होता त्याचा तो ग्रंथ आकड्यापायी राहून जातो, आणि मला ह्याचं खरोखर वाईट वाटतं.

गुडरीड्स ह्या वाचनाची नोंद ठेवायच्या ॲपचं रीडिंग चॅलेंज 2011 पासून चालू आहे आणि ते बरीच वर्षं पुस्तकांच्या संख्येवरच चालत आलंय. वर्षाचा आकडा टाकायचा, मग ते हिशोब करून सांगतं की तुम्ही इतकी पुस्तकं पुढे आहात किंवा मागे आहात. आता जो माणूस रोज इमानदारीने तासभर एका 900 पानांच्या पुस्तकात बसलाय त्याला पण ते सांगतं, तुम्ही मागे आहात. अरे, मागे कुठे? तो तर रोज वाचतोय! स्टोरीग्राफ नावाचं दुसरं ॲप आहे, त्यात पानांचं आणि तासांचं लक्ष्य ठेवता येतं, ते मला जास्त पटतं. पण ॲपचं पुढे बोलते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीपासून आहे, आणि ते पोथीत आहे. आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात दत्तजयंतीच्या आधी घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. माझे काका दरवर्षी बसतात. लहानपणी मी बाजूला बसून ऐकायची आणि मला एक कोडं पडायचं की पहिल्या दिवशी एवढे अध्याय होतात आणि पाचव्या दिवशी तीनच कसे. एकदा विचारलंच काकांना. ते म्हणाले, "बाय, छत्तिसावा केवढा मोठा आहे बघितलास? अध्याय मोजून वाचन होत नाही, बैठक मोजायची." सात दिवसांच्या वाटणीच्या एक-दोन पद्धती आहेत, पहिल्या दिवशी कुणी सात अध्याय वाचतात कुणी नऊ, पण पाचव्या दिवशी दोन्हीकडे तीनच येतात, कारण आचारधर्माचा तो लांबच्या लांब अध्याय त्या दिवशी येतो. ज्यांनी ही वाटणी केली त्यांना पक्कं ठाऊक होतं की माणूस एका बैठकीत किती वाचू शकतो, आणि त्यांनी त्या हिशोबाने दिवस पाडले.

ज्ञानेश्वरीचं पण तेच. अठरा अध्याय आहेत, पण बारावा अडीचशे ओव्यांच्या आत आटपतो आणि अठरावा अठराशेच्या वर जातो. अठरा अध्याय अठरा दिवसांत असं सरळ वाटून घेतलं तर शेवटच्या दिवशी माणूस उठणारच नाही आसनावरून. दासबोधाचं मात्र सोपं, वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे 200 समास, रोज एक घेतला तर 200 दिवसांत ग्रंथ पूर्ण, आणि वर्षातले दीडशेच्या वर दिवस हातात उरतात. हे वर्षाचं लक्ष्यच झालं की! फक्त आपण त्याला नेम म्हणतो. रोजचा नेम ठरलेला असतो आणि ग्रंथ केव्हा संपणार ते त्यातून आपोआप निघतं. मी माझ्या वाचनाला हाच नियम लावला, कथा-कादंबऱ्या-चरित्रं-इतिहास सगळ्याला, आणि तेव्हापासून डिसेंबरची धावपळ हा प्रकारच राहिला नाही.

आता रोजची किती पानं, हे कसं ठरवायचं ते सांगते. कोणीतरी सांगितलं म्हणून 50 धरू नका. एक मराठी पुस्तक घ्या, फार सोपं नको फार अवघड नको, मोबाईलवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि नेहमीच्या गतीने वाचा. किती पानं झाली बघा. मग दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाने परत करा. कादंबरी भराभर जाते, वैचारिक पुस्तक तितकं जात नाही, इंग्लिशचा वेग वेगळा असतो, आणि जुन्या छपाईचं बारीक टाइपाचं पुस्तक असेल तर आणखी वेगळा. ह्याची सरासरी काढली की तुमचं तुम्हाला कळतं, समजा दहा मिनिटांत सहा पानं होतायत आणि दिवसाला चाळीस मिनिटं नक्की मिळतायत तर 24 पानं. मी म्हणेन त्यातली पण चार कमी धरा, 20 धरा.

आणि वर्षाचे दिवस 365 धरू नका हे माझं सगळ्यात मोठं सांगणं आहे. गोव्यात राहणाऱ्या माणसाने 300 धरावेत. चवथीचे दिवस गेले, त्याच्या आधीचा माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-भाज्यांच्या) सामानाचा आणि साफसफाईचा आठवडा गेला, शिगमो (आमचा शिमगा) गेला, गावची जत्रा, मामाच्या गावची जत्रा, लईराई देवीची जत्रा, मे महिन्यातली लग्नं, मुंबई-पुण्याहून येणारी माणसं, हे सगळं आपल्याला हवंच असतं आणि त्या दिवसांत पुस्तक हातात नसलं तर काही बिघडत नाही. 20 गुणिले 300 म्हणजे 6,000 पानं. सरासरी 240 पानांचं पुस्तक धरलं तर 25 पुस्तकं. बघा, 25 आलीच की नाही, कोणी न ठरवता! 25 पानं धरली तर 7,500, म्हणजे तसलीच 31. मोकळे 65 दिवस आधीच बाजूला काढलेले असले की जत्रेला गेलं म्हणून नेम मोडला असं मनात येत नाही, आणि माझ्या मते वाचनाचे बहुतेक संकल्प त्या मनात येण्यानेच मोडतात, वेळ नाही म्हणून नाही.

वर्ष कधी सुरू करायचं ह्याची पण सक्ती नाही. जानेवारीला सगळं जग करतं म्हणून आपण करतो. आमच्या एक शेजारीण बाई गुढीपाडव्याला वही पूजेत ठेवून नवीन पान उघडतात, माझी मावसबहीण शिक्षिका आहे, तिचं वर्ष जूनमध्ये. मी स्वतः जानेवारीच धरते कारण लायब्ररीच्या नोंदी आणि बाकीचे हिशोब त्यात बसतात, पण वाचनाचं खरं वर्ष विचाराल तर गोव्यात ते पावसाळ्यात असतं. जून ते सप्टेंबर. संध्याकाळी बाहेर कुठे जायचं नसतं, पाऊस धो धो, वीज गेली तर रिचार्जेबल दिवा लावायचा. माझी जाड पुस्तकं मी सगळी ह्या चार महिन्यांसाठी राखून ठेवते. एकच काळजी घ्यावी लागते, पुस्तकांना बुरशी धरते, कपाट भिंतीला टेकून ठेवायचं नाही, आणि ऊन पडलं की पुस्तकं बाहेर काढून वारा दाखवायचा. डिसेंबर-जानेवारीत बारीक पुस्तकं, कथासंग्रह, जे मध्येच ठेवलं तरी धागा तुटत नाही असलं काहीतरी. पानांचा नेम असला की हे असं ऋतूप्रमाणे वाटून घेता येतं.

आता काय धरायचं आणि काय नाही. ह्यावर लोक भांडतात पण पानं मोजायला लागलं की अर्धी भांडणं संपतात. दिवाळी अंक घ्या. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा 1909 च्या मनोरंजनपासूनची, आपल्याकडे वर्षातलं कितीतरी उत्तम लेखन आधी तिथे येतं आणि मग पुस्तकात जातं. पुस्तकांच्या चॅलेंजमध्ये दिवाळी अंकाला जागाच नाही, तो पुस्तक नाही ना! म्हणून मग दोनशे-अडीचशे पानांचे चार अंक वाचून काढणारा माणूस नोव्हेंबरमध्ये शून्यावर. मी जाहिरातींची पानं वगळून बाकी सगळी धरते. अर्धवट सोडलेलं पुस्तक? वाचली तेवढी पानं धरा. ही सोय फार मोठी आहे, कारण संख्येच्या लक्ष्यात सोडलेलं पुस्तक म्हणजे फुकट गेलेला वेळ, म्हणून माणूस न आवडलेलं पुस्तक दात-ओठ खाऊन संपवतो आणि त्यात महिना घालवतो. पानं मोजली की साठाव्या पानावर बंद करून पुढे जाता येतं. परत वाचलेलं पुस्तक? शंभर टक्के धरा. पारायण म्हणजे दुसरं काय, काकांनी गुरुचरित्र किती वेळा वाचलं असेल, दर वर्षी तेच आणि दर वर्षी नेम पूर्ण.

ऑडिओबुक. स्टोरीटेल ॲपवर मराठीत भरपूर आहे आणि डिचोली ते पणजी कदंबाच्या बसमध्ये वळणावळणाच्या रस्त्यावर ज्यांना वाचून मळमळतं त्यांना तर तो मोठा आधार आहे. माझं मत, धरावं. छापील पुस्तकाची पानं किती ते बघायचं, ऐकून झालं की तेवढी टाकायची, अर्धं ऐकलं तर अर्धी. काही जण ऐकणं म्हणजे वाचन नव्हे म्हणतात. कीर्तनाला बसून, बाजूला कोणी पोथी वाचताना ऐकून शहाणी झालेली माणसं गोव्याच्या प्रत्येक घरात होती, ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं त्यांना अख्खे अध्याय पाठ असायचे, त्यांचं ऐकणं कमी प्रतीचं होतं असं मी तरी म्हणणार नाही. किंडलवर पानं नीट दिसत नसली तर टक्के दिसतात, त्यावरून काढायचं.

कविता मात्र ह्या हिशोबात बसत नाही, ते मान्य. 80 पानांचा संग्रह अर्ध्या तासात पानं उलटून होतो आणि तो वाचला असं कुठल्या तोंडाने म्हणणार. मी कवितेचं एक पान तीन धरते. कुठे लिहिलेला नियम नाही हा, मी माझ्यापुरता केलाय, कारण कविता मी तीनदा तरी वाचते, एकदा मनात, एकदा मोठ्याने आणि एकदा दुसऱ्या दिवशी. तुम्ही तुमचा करा. नियम आपला असला तरी वर्ष सुरू व्हायच्या आधी लिहिलेला असावा एवढंच, मध्ये बदलायचा नाही.

नोंद कुठे ठेवायची. ॲप वापरायला माझी काही हरकत नाही, इंग्लिश पुस्तकांसाठी ती झकास आहेत, पण मराठी वाचणाऱ्याची तिथे पंचाईत होते. एकच पुस्तक कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने, लेखकाचं नाव एकदा आडनावासकट एकदा आद्याक्षरांसकट, पानांची संख्या रिकामी, मुखपृष्ठ नाही, आणि लायब्ररीतली जुनी पुस्तकं तर मिळतच नाहीत कारण आयएसबीएन हा पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचा प्रकार यायच्या आधीची ती छपाई. मग आपण स्वतः सगळं भरत बसायचं. त्यापेक्षा साधी लांब वही बरी. किंवा गुगल शीट, ज्यांना बेरीज आपोआप हवी त्यांच्यासाठी. मी दोन्ही करते, वहीत रोज आणि शीटमध्ये रविवारी.

वहीत रोजची एकच ओळ. तारीख, पुस्तकाचं नाव, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत. बस. झोपायच्या आधी अर्धं मिनिट लागतं. "आज 34 ते 58". ह्या ओळीने मला सगळ्यात जास्त बांधून ठेवलंय, वर्षाचा 6,000 चा आकडा मला कधी आठवत पण नाही पण रिकामी राहिलेली ओळ दिसते आणि मग दहा तरी पानं वाचून झोपते. शीटमध्ये दर पुस्तकाची एक रांग, त्यात नाव, लेखक किंवा लेखिका, भाषा, मूळ की अनुवाद, प्रकार, पानं, कुठून मिळालं, सुरू कधी संपलं कधी, आणि शेवटच्या कॉलममध्ये दोन वाक्यं, काय लक्षात राहिलं. ही दोन वाक्यं लिहायचा कंटाळा येतो, मला माहीत आहे, पण तीच पुढे कामाला येतात. तीन वर्षांनी नाव वाचून पुस्तकातलं काहीच आठवत नाही आणि ती दोन वाक्यं वाचली की सगळं उभं राहतं. पुस्तक आवडलं-नावडलं असं लिहू नका, तारे पण देऊ नका, काय होतं त्यात ते लिहा.

आता भाषेचा कॉलम, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले. गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत बोलणं कोकणी, पोथी आणि पेपर मराठी, शाळा-कॉलेज-नोकरी इंग्लिश, असं सगळं एकत्र नांदतं आणि ते आम्हाला इतकं सवयीचं आहे की आपण कुठल्या भाषेत किती वाचतो ते कोणाला विचारलं तर नीट सांगता येत नाही. "मराठीच जास्त वाचतो की" असं सगळे म्हणतात. मी पण म्हणायची. शीटमध्ये भाषेप्रमाणे पानांची बेरीज लावली तेव्हा दिसलं की इंग्लिश निम्म्याच्या वर गेलंय, मराठी त्याच्या खाली, आणि कोकणी अगदी थोडी. हे वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, इंग्लिशमधून जगभरचं वाचायला मिळतं आणि ते मला हवंय. पण माझं वाचन कुठे चाललंय ते मी ठरवावं, जे समोर आलं, ज्याची जाहिरात दिसली, जे मोबाईलवर एका बटणात मिळालं त्याने ठरवू नये असं मला फार वाटलं. तेव्हापासून वर्षाच्या पानांची वाटणी आधी करते, निम्मी मराठी, एक हिस्सा कोकणी, बाकी इंग्लिश. पुस्तकांची नावं ठरवत नाही, फक्त हिस्से.

मराठीतच आणखी एक गोष्ट शीटने दाखवली, अनुवाद किती आणि मूळ किती. दुकानात समोर ठेवलेली मराठी पुस्तकं बघा, इंग्लिशवरून आलेली यशाची आणि पैशाची पुस्तकं किती असतात. ती वाचायला हरकत नाही पण मराठी वाचलं असं म्हणताना आपण नक्की काय वाचलं ते कळलं पाहिजे. कन्नड, बंगाली, मल्याळम मधून मराठीत आलेलं मी वेगळं लिहिते, त्याची ओळख इंग्लिशमधून होण्यापेक्षा मराठीतून झालेली मला जास्त गोड लागते.

पुस्तकं आणायची कुठून हा गोव्यातल्या मराठी वाचकाचा मोठा प्रश्न. प्रकाशक बहुतेक पुण्या-मुंबईला, इथे मराठी पुस्तकांची दुकानं मोजकी, प्रदर्शन लागलं की एकदम खरेदी, नाहीतर पार्सल मागवायचं. पण लायब्ररीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत आणि हे मी कितीही वेळा सांगेन. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 साली पोर्तुगीज अमदानीत पब्लिका लिव्रारिया म्हणून सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि आज त्याला नाव आहे सोळाव्या शतकातल्या गोमंतकीय ग्रंथकाराचं. बस स्टँडवरून चालत जाता येतं. दक्षिणेतल्या लोकांना नावेलीला जिल्हा ग्रंथालय आहे. तालुक्यांना पण वाचनालयं आहेत, जुन्या संस्थांची आहेत, देवळांच्या खोल्यांत कपाटं आहेत. विकत घेतलेलं पुस्तक चार वर्षं कपाटात वाट बघतं, लायब्ररीचं पुस्तक परतीची तारीख घेऊनच घरी येतं, आणि रोजच्या वीस पानांना त्या तारखेसारखा मदतनीस नाही. पुस्तक आणलं की मी पानं भागिले दिवस करते, रोजचा वाटा पेन्सिलीने बुकमार्कच्या कागदावर लिहिते (पुस्तकावर नाही!) आणि तसं चालते. "कुठून मिळालं" हा कॉलम मी ठेवलाय तो ह्यासाठीच, वर्षाच्या शेवटी लायब्ररीचा हिस्सा बघते. ही ठिकाणं आपण वापरली तरच तिथे नवीन मराठी पुस्तकं मागवली जातील. मागणीची वही असेल तर तिच्यात नाव लिहा, लाजू नका.

मुलांना हे शिकवायचं का असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. माझं मत, वही द्या पण आकडा देऊ नका. माझा भाचा आठ वर्षांचा आहे, तो त्याच्या वहीत वाचलेल्या पुस्तकातलं एक चित्र काढतो आणि खाली तारीख घालतो. त्याला किती झाली विचारायचं नाही असं आम्ही घरात सगळ्यांनी ठरवलंय, कुठलं चित्र काढलंस एवढंच विचारायचं, मग तो स्वतः गोष्ट सांगत बसतो आणि आपलं जेवण गार होतं.

ह्या वर्षी मी नेहमीच्या पानांच्या बाजूला दुसरा एक नेम धरलाय. ख्रिस्तपुराण. बायबलातली, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणारं, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज धर्मगुरूंनी इथेच बसून रचलेलं, 1616 ला राचोलला रोमन लिपीत छापलेलं, आणि ओव्या म्हणाल तर जवळजवळ 11 हजार. इतकी वर्षं गोव्यात राहून, शाळेत त्याच्याबद्दल धडा शिकून, मराठीच्या स्तुतीच्या त्यातल्या चार ओव्या भाषणांत ऐकून, पूर्ण ग्रंथ वाचलेली माणसं माझ्या ओळखीत मला सापडली नाहीत, आणि संख्येच्या लक्ष्यात तो कोणी घेणार पण नाही, वर्ष घालवून यादीत एक पुस्तक! पण भागाकार करून बघा. रोज 30 ओव्या घेतल्या तर 365 दिवसांत 10,950 होतात. म्हणजे बरोबर एका वर्षाचा ग्रंथ आहे तो. देवनागरी आवृत्ती आहे, सुरुवातीला जुने शब्द अडतात, मग आमच्या घरातलीच कोकणी मदतीला येते, कितीतरी शब्द आजीच्या तोंडचे निघतात. 30 ओव्या मोठ्याने वाचायला मला सकाळी वीस मिनिटं लागतात, चहा व्हायच्या आत. ह्याला 300 दिवसांची सवलत मात्र देता येत नाही, म्हणून जत्रेचे आणि चवथीचे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेत आणि त्यांच्या आधीच्या आठवड्यात रोज 40 घेणार. वहीत त्याच्यासाठी वेगळं पान केलंय, तिथे पानांचा आकडा नाही, फक्त अवस्वरू (त्यातला अध्याय) आणि ओवी. पुस्तक म्हणून डिसेंबरला ते शीटमध्ये एकाच रांगेत बसेल, भाषा मराठी, प्रकार पुराण, आणि शेवटच्या कॉलममध्ये ह्या वेळी दोन वाक्यांवर भागायचं नाही.